पाण्यामागून होडी

ताम्हिणीच्या उतारावर समोरून आलेल्या एस.टी.च्या ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, ‘‘काय साहेब, समुद्र हरवलाय की काय?’’ मागच्या खिडक्यांतून दहा-बारा माणसं हसली. आम्हीही हसलो. जीपच्या मागं दोन चाकांच्या गाड्यावर आवळून बांधलेली चौदा फुटी पिवळी होडी, तिच्यावर आडवी टाकलेली डोलकाठी, डोलकाठीच्या टोकाला लाल फडकं, आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर मांडीवर डब्याची पिशवी घेऊन बसलेली माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर हे दृश्य दिसलं की माणसानं काहीतरी विचारायलाच हवं.

ही गोष्ट २५ जानेवारी २०२० ची, शनिवारची. प्रजासत्ताक दिनाला जोडून एक दिवसाची रजा टाकली होती. बेत असा होता की होडी मुळशीहून निघेल, घाट उतरेल, रोह्याजवळ कुंडलिकेच्या खाडीत पाण्याला लागेल आणि शिडावर रेवदंड्यापर्यंत जाईल. साधी तीन दिवसांची सुट्टी. परदेशात अशा सुट्ट्यांचं कुणाला नवल वाटत नाही. तिकडे गाडीमागं होडी लावून माणसं शेकडो मैल जातात, तळ्यातळ्याला होडी उतरवायचा सिमेंटचा उतार असतो, पेट्रोल पंपावर कुणी मान वळवून बघत नाही. आपल्याकडे मात्र पौडच्या नाक्यावरच आमच्याभोवती वीसेक माणसं जमली आणि त्यातल्या एकानं होडीला हात लावून मनोभावे नमस्कार केला.

होडी कशी झाली ते आधी सांगतो. माझा एक मित्र लष्करातून निवृत्त झालेला. शीड हाताळायला तो तरुणपणी खडकवासल्याच्या तलावावर शिकला. दोघांनाही पन्नाशीत आल्यावर हे खूळ चढलं. प्लायचे तुकडे कापायचे, कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेनं शिवायचे, मग आतून-बाहेरून फायबरची पट्टी रेझिननं चिकटवायची. इंग्लंडमध्ये १९६३ साली ‘मिरर’ नावाची छोटी होडी याच पद्धतीनं निघाली आणि घराघरांत माणसं होड्या बांधू लागली. आम्ही ती माझ्या मामाच्या गोठ्यात बांधली, पौडजवळ. दोन वर्षांचे रविवार गेले. मामानं त्यासाठी एक म्हैस अंगणात हलवली आणि दर रविवारी न चुकता ऐकवलं, ‘‘तिला दूध तरी होतं.’’

नाव आईनं ठेवलं : ‘निळा’. होडी पिवळी आणि नाव निळा, हा विनोद आमच्या मित्रमंडळींत अजून संपलेला नाही. पण निळा हा रंग नव्हे, ती नदी आहे. मुळा आणि निळा यांच्या संगमापाशी टाटांचं मुळशी धरण उभं राहिलं. मुळेचं नाव पुण्यात सर्वांना माहीत असतं. निळेचं नाव तलावात गेलं ते गेलंच.

आता कुणीही विचारेल, आणि सर्वांनी विचारलंच, की गोठ्यापासून काही मैलांवर एवढा अफाट तलाव पसरलेला असताना होडी घाटाखाली ओढून न्यायची कशाला? एक उत्तर सरळ आहे. तो जलाशय विजेसाठी आहे, सहलीच्या होड्यांसाठी नाही. पलीकडच्या काठच्या वाड्यांतली माणसं वर्षानुवर्षं होडीनं किंवा लाँचनं ये-जा करत आली, पण ती गरज. आमचा आपला षौक. दुसरं उत्तर आईचं. होडी पुरी होत आली तेव्हा मित्रानं सहज तलावाचा विषय काढला. आई म्हणाली, ‘‘तिथं नको बाबा. तिथं खाली आपली घरं आहेत.’’

माझी आजी, म्हणजे आईची आई, त्या बुडालेल्या खोऱ्यातली. गाव सोडलं तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. ती सांगायची की पाणी लोंढ्यासारखं आलं नाही. आधी खाचरांत आलं, आणि खाचरात पाणी ही काही नवी गोष्ट नव्हे, म्हणून मुलं खेळायला गेली. घर सोडून आल्यावर आठवड्यानं तिचे वडील मागं राहिलेलं जातं आणायला परत गेले आणि ही हट्टानं त्यांच्याबरोबर गेली. गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं. वडिलांनी जात्याचा वरचा दगड डोक्यावर घेतला. खालच्या दगडासाठी उद्या येऊ, म्हणाले. तो उद्या काही आला नाही. वरचा दगड मामाच्या गोठ्यात आहे. प्लाय चिकटवताना दाब द्यायला आम्ही तो वापरला. मित्रानं एकदा भोळेपणानं सुचवलं की मधोमध भोक आहेच, नांगर म्हणून काय छान होईल! आईनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेलो नाही.

मुळशीच्या सत्याग्रहाबद्दल शाळेत एक ओळ असते, ‘सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला.’ त्या ओळीखाली बरंच काही आहे. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. धरणाच्या कामावर मावळे जाऊन बसले आणि काम थांबलं. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्यानं दिली. लढा तीन-साडेतीन वर्षं रखडत, थांबत, पुन्हा पेटत चालला. शेवटी १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी कामावरची रेल्वे अडवून गोळी झाडली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. पण तोवर खोऱ्यात एकी उरली नव्हती. पुष्कळ जमिनी सावकारांकडे गहाण होत्या आणि सावकारांना भातापेक्षा भरपाईत अधिक रस होता. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा अभ्यास केला. २००९ साली निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटलं आहे. पन्नासेक गावांवर ते पाणी आलं. त्या खाचरांत आंबेमोहोर होत असे. आजी बाजारातला आंबेमोहोर कधी नाकाला लावायची नाही. ‘‘नाव तेच, वास निराळा,’’ म्हणायची आणि कोलम घ्यायची.

तर तलाव बाद झाला. तेव्हा माझ्या सोळा वर्षांच्या मुलीनं विचारलं, ‘‘मग त्या तलावातलं पाणी जातं कुठं?’’

या प्रश्नातून आमची सहल निघाली. सह्याद्रीच्या त्या माथ्यावर पडलेलं पाणी खरं तर पूर्वेला जायचं. मुळेतून पुण्याच्या संगमावर, तिथून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि सारा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात. धरणानं ते अडवलं आणि डोंगराच्या पोटातून बोगदा काढून पश्चिमेला वळवलं. घाटाखाली भिऱ्याला ते सुमारे ५०० मीटर खाली कोसळतं, चक्रं फिरवतं, १९२७ पासून वीज देतं आणि मग कुंडलिकेला मिळतं. कुंडलिका कोलाडवरून, रोह्यावरून रेवदंड्याला अरबी समुद्रात. म्हणजे पाण्याला दोन समुद्र होते, त्यातला दुसरा माणसानं ठरवला. मुलगी म्हणाली, ‘‘आपण त्या पाण्याच्या मागून जाऊ.’’ आईनं क्षणभर विचार केला आणि विचारलं, ‘‘गाडीत जागा आहे का?’’

होडी पाण्यात हलकी असते, रस्त्यावर नसते, हा धडा आम्हाला ट्रेलरनं शिकवला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करणाऱ्या एका कारागिरानं पहिला जो ट्रेलर करून दिला त्याच्यावर चार टन ऊस सहज गेला असता. होडी सव्वाशे किलोची, ट्रेलर तिच्या तिप्पट. तो परत केला, हलका करून घेतला. मग कागदपत्रं. ट्रेलरलाही स्वतःची नोंदणी लागते, स्वतःचा नंबर लागतो, मागं दिवे लागतात. अर्जावर ‘वाहून न्यायचा माल’ या रकान्यात ‘होडी’ लिहिलं तेव्हा कारकुनानं चष्मा काढून विचारलं, ‘‘कोणत्या नदीला?’’ पण त्या माणसानं काम चोख केलं.

मग चालवणं. ट्रेलर मागं घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं आणि अंगवळणी पडायला महिना. बायकोला ते दोन दिवसांत जमलं. मला अजून तोंडानं ‘डावीकडे म्हणजे उजवीकडे’ असं पुटपुटावं लागतं. वजनाचंही एक शास्त्र आहे. पहिल्या चाचणीला आम्ही नांगर, पाण्याचे कॅन, स्टोव्ह, सगळं होडीच्या मागच्या भागात रचलं. चाळीसच्या वेगाला ट्रेलर सापासारखा वळवळायला लागला आणि तो जीपलाही हलवू लागला. ओझं चाकांच्या थोडं पुढं हवं, एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी जीपच्या हुकावर टेकायला हवा. सामान पुढं सरकवलं आणि साप शांत झाला.

शनिवारी सकाळी पौड सोडलं. मुळशीपासून पुढं रस्ता तलावाच्या काठाकाठानं बराच वेळ जातो. जानेवारीत पाणी कडांपासून जरा उतरलेलं असतं, तांबड्या मातीची पट्टी दिसते. आई खिडकीबाहेर बघत होती, काही बोलली नाही. एका वळणावर मुलीनं विचारलं, ‘‘आजी, आपलं गाव कुठंशी?’’ आईनं हात लांब केला, थोडा डावीकडे नेला, थोडा उजवीकडे, आणि खाली घेतला. ‘‘माझ्या आईला कळायचं. डोंगर बघून सांगायची. मला नाही सांगता येत.’’

घाट सुरू व्हायच्या आत डोंगरवाडीला चहाला थांबलो. मित्राची एक सवय चांगली. गाडी थांबली की आधी ट्रेलरच्या चाकांच्या मध्यावर हाताचा पालथा भाग टेकवायचा. उजवं कोमट होतं. डाव्याला हात टेकवला आणि चटकन मागं घेतला. बेअरिंग तापलं होतं. उतार तर अजून पुढंच. आम्ही दोघं जाणत्यासारखे त्याभोवती उभे राहिलो. शेजारी उभ्या असलेल्या ट्रकचा क्लीनर, वीस वर्षांचं पोर, चहाचा ग्लास हातात घेऊन आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, ‘‘नट जास्त आवळलाय.’’ आदल्या रात्री तो मीच आवळला होता, अंगातली सगळी ताकद लावून. होडीचं काम म्हणजे घट्ट हवं, अशी माझी समजूत. चाक उतरवलं, नट पाव फेरा सैल केला, नवं ग्रीस भरलं. पोरानं चहाचे पैसेही घेऊ दिले नाहीत. फक्त होडीसोबत फोटो काढून घेतला.

ताम्हिणीचा घाट पावसाळ्यात धबधब्यांसाठी पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी भरलेला असतो. जानेवारीत तो कोरडा, सोनेरी गवताचा आणि बराच रिकामा. चढापेक्षा उतार अवघड, हे ट्रेलरवाल्यालाच कळतं. आमच्या ट्रेलरला ब्रेक नव्हता. उतारावर जीप अडवते आणि होडी मागून ढकलते. घटकेत वाटतं की आपण होडी नेत नसून होडी आपल्याला नेते आहे. दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय न ठेवून देता, मधूनमधून थोडा दाबून सोडत उतरायचं. प्रत्येक वळणावर आरशात पिवळं नाक डोकावायचं. मागं गाड्यांची रांग साचली की कडेला घ्यायचं, चाकांखाली दगड लावायचे, रांग जाऊ द्यायची. तो एस.टी.वाला भेटला तो याच उतारावर.

विळ्याला खाली पोचलो तेव्हा ब्रेकचा वास गाडीत भरला होता. इथून डावीकडे निजामपूर-माणगाव, उजवीकडे कोलाड. आई म्हणाली, ‘‘आधी भिरा.’’ पाटणूसच्या बाजूला होडीसकट गेलो. वीजगृहात काही आम्ही गेलो नाही, ते पाहुण्यांसाठी नाहीच. पण रस्त्यावरून डोंगर दिसतो आणि डोंगरावरून उतरलेले ते प्रचंड नळ दिसतात. वर जिथून ते सुरू होतात त्याच्या मागं तलाव. आम्ही जे अंतर अर्ध्या दिवसात, दोन चहा आणि एक बेअरिंग खर्च करून आलो, ते पाणी बोगद्यातून आणि नळांतून बघताबघता उतरतं.

आई बराच वेळ मान वर करून बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘आईला हे दाखवायला हवं होतं. तिला वाटायचं पाणी वर तसंच उभं आहे.’’

तलावाकाठच्या कितीतरी वाड्यांमध्ये दिवा लागायला पुढं कित्येक दशकं गेली, हे मला माहीत होतं. तिथं उभा असताना ते बोलावंसं वाटलं नाही. मुंबईत शिकत असताना मी ज्या दिव्याखाली अभ्यास केला त्यात या पाण्याचा वाटा असणारच.

कोलाडच्या वाटेवर रबरी तराफे टपावर बांधलेली एक जीप समोरून आली आणि तिच्या ड्रायव्हरनं आमची होडी बघून हात केला, जणू एका जातीचे! इथं राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. वीज करून सोडलेलं पाणी सकाळी नदीत येतं, त्यावर तराफे सुटतात. कोकणातल्या बऱ्याच नद्या मे महिन्यात गोट्यांचे रस्ते होतात, कुंडलिका मात्र वाहते. वर मुंबईनं बटण दाबलं की खाली नदीला पाणी. तेच पुढं डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडतं, शेतीला आणि कारखान्यांना जातं. उरेल ते रोह्याला खाडीला भेटतं. रात्री रोह्यात एका स्नेह्यांकडे मुक्काम केला. सी. डी. देशमुखांचं रोहा ते हेच, नदीपलीकडे जोडगाव अष्टमी. एकेकाळी इथून भाताचे पडाव खाडीनं मुंबईला जात. आता खाडीत वाळूच्या होड्या आणि कोळ्यांच्या डोण्या.

रविवारी दुपारी रोह्याच्या खालच्या अंगाला एका गावच्या धक्क्यावर होडी उतरवली. दमलेला ट्रेलर लगेच पाण्यात घालायचा नाही, अर्धा-पाऊण तास थांबायचं. गरम बेअरिंग गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि खारं पाणी ओढून घेते, मग महिन्याभरात आत गंजाचा चिखल. तोवर गावच्या पोरांनी डोलकाठी उभी करायला मदत केली. बंदराच्या कचेरीत आधीच कळवलेलं होतं. लाइफ जॅकेटं अंगात घातली. होडीत मी, मित्र आणि मुलगी. आई आणि बायको जीपनं रिकामा ट्रेलर घेऊन रेवदंड्याला जाणार.

आता भरतीचं गणित. कोकणात जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ. त्या दिवशी माघ शुद्ध द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड, म्हणून दीडला भरती, मग सहा तास ओहोटी. अमावास्येनंतरचं उधाण असल्यामुळं पाणी खूप चढणार आणि खूप उतरणार. गणित बरोबर होतं, पण ते समुद्राच्या तोंडाचं. भरती खाडीत वर चढायला वेळ घेते, आत वीस-पंचवीस किलोमीटरवर तीच भरती तासभर उशिरा येते. हेही आम्हाला माहीत होतं. तिसरी गोष्ट मात्र मला माहीत असूनही मी विसरलो : वळणावर पाणी बाहेरच्या काठानं खोल असतं, आतल्या काठाला गाळ साचतो.

पहिले दोन तास सुखाचे. दुपारचा खारा वारा समोरून येत होता आणि ओहोटी आम्हाला पुढं नेत होती. समोरच्या वाऱ्याला सरळ जाता येत नाही, तिरकं इकडे, तिरकं तिकडे, नागमोडी. होडीच्या पोटातून खाली सोडलेली फळी पाणी धरून ठेवते म्हणून हे साधतं. दोन्ही काठांना खारफुटी, तिच्यामागं खाजणं, मधेच एखादी बांधावरची झोपडी. रोह्याजवळ पाण्याला जो वास होता तो इथं निवळला होता. एक म्हातारे कोळी जाळं आवरत होते. मी विचारलं, मासळी कशी? ‘‘पूर्वी नावं मोजायचो, आता मासे मोजतो,’’ म्हणाले आणि हातानं खूण करून सांगितलं, ‘‘पुढच्या वळणाला पल्याडच्या कडेनं जा.’’

पुढच्या वळणाला मी अल्याडच्या कडेनं गेलो. सुकाणू माझ्या हातात होतं. अंतर वाचत होतं आणि वारा छान लागला होता. साडेपाचला फळी खाली मऊ कशात तरी रुतली. फळी वर घेतली, वल्ह्यानं ढकललं, मित्र आणि मी एका बाजूला झुकलो. वल्हं कोपरापर्यंत गाळात गेलं. दहा मिनिटांत होडीभोवती पाणी नव्हतंच. अर्ध्या तासात आम्ही एका विस्तीर्ण, चकचकीत, करड्या चिखलाच्या मधोमध पिवळ्या होडीत बसलेले तीन लोक होतो.

उतरून चालत जाणं अशक्य, चिखल कमरेएवढा असावा. ओहोटी नऊच्या सुमाराला तळाशी जाणार, म्हणजे जेवढं पाणी साडेपाचला होतं तेवढं परत यायला साडेबारा. मित्रानं हा हिशेब बोटांवर करून शांतपणे सांगितला. माझ्यावर चिडला नाही, ते मला जास्त लागलं. फोनला एखादी काडी येत-जात होती. आईनं उचलला.

‘‘रुतलात ना चिखलात?’’

‘‘हो.’’

‘‘मग भाकरी खाऊन घ्या. पोरीला शाल दे.’’ आणि मग, जरा थांबून, ‘‘पाणी येईल ना नक्की?’’

‘‘येईल. साडेबाराला.’’

‘‘मी जागी आहे.’’

चिखल नुसता चिखल नसतो, हे त्या संध्याकाळी कळलं. पाणी सरताच निवट्या बाहेर आल्या. हे डोळे डोक्यावर बसवलेले मासे कल्ल्यांजवळच्या परांवर सरपटतात, उड्या मारतात, एकमेकांवर धावून जातात. मुलगी त्यांच्यात इतकी रमली की सुटकेचं तिला काही पडलं नव्हतं. चिंबोऱ्या बिळातून एक नांगी काढून अंदाज घेत होत्या. तुतारी पक्ष्यांची रांग ओल्या कडेनं चोची मारत गेली. सूर्य बुडाला आणि पश्चिमेला द्वितीयेची कोर दिसली, दोऱ्यासारखी, तिच्यावर शुक्र. दोन्ही चिखलात उमटले होते. पुण्यात आम्हाला द्वितीयेची कोर कॅलेंडरवर दिसते. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि संक्रांतीचा उरलेला तिळगूळ असं जेवलो. आठनंतर गार वारा सुटला. मित्रानं शीड खाली घेऊन तिघांवर पांघरलं.

पाणी साडेअकरापासून ऐकू यायला लागलं. आधी लांबून टिचक्या वाजवाव्यात तसा आवाज, मग खारफुटीच्या मुळांतून कुजबुज. बॅटरी मारली तर गाळातल्या लहान लहान चरांतून पाण्याच्या जिभा पुढं सरकत होत्या. घाई नाही. एक चर भरली की पुढची. मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘बाबा, पणजीच्या गावाला असंच आलं असेल?’’ मी हो म्हणालो. मला आजीची खाचरं आठवत होती. एवढ्या वर्षांत ती गोष्ट शंभरदा ऐकली होती, पण तिच्यातलं पाणी माझ्या मनात नेहमी सिनेमातल्यासारखं धो धो यायचं.

साडेबाराला पाच-दहा मिनिटं कमी असताना होडी हलली. वल्ही मारून खोल पाण्यात गेलो, नांगर टाकला, आईला फोन केला आणि बसल्या बसल्या झोपलो.

पहाटे ओहोटी लागली होती आणि जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा पाठीवर होता. आदल्या दिवशी जे अंतर नागमोडी भांडत कापलं तसंच अंतर आता सरळ, एका शिडावर, आवाज न करता. धुकं पाण्यावर गुडघाभर. साळावचा पूल आधी हवेत तरंगताना दिसला, मग त्याचे खांब. पलीकडे कोर्लईचा डोंगर आणि त्यावरचा किल्ला. त्या डोंगराच्या पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीजमधून निघालेली एक बोली घराघरांत बोलतात, चारशे वर्षांहून जुनी. उजवीकडे रेवदंडा, त्याला लागून चौल, जिथं पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन उतरला होता. घोडा विकून नफा करायचा त्याचा बेत फारसा साधला नाही. लांबून आणलेल्या वाहनाचं काय करायचं हा प्रश्न जुना आहे.

धक्क्यावर दोघी उभ्या होत्या. आईच्या हातात थर्मास.

सोमवारी तृतीया, म्हणजे सव्वादोनला भरती. पाणी पायऱ्यांपर्यंत चढलेलं असताना आई म्हणाली, ‘‘मला बसव.’’ आदल्या आठवड्यात तिनं शपथेवर सांगितलं होतं की ती होडीत पाय ठेवणार नाही. जॅकेट घालायला तिनं खळखळ केली, पदर त्यात अडकतो म्हणून. मधल्या पाटावर बसवली. पुलाखालून जरा पुढं जाऊन वळलो, वीस मिनिटं जेमतेम. तिनं एका हातानं कड घट्ट धरली होती. मग दुसरा हात पाण्यात सोडला, बोटं जिभेला लावली.

‘‘खारट आहे,’’ ती म्हणाली.

‘‘समुद्र आहे आई.’’

‘‘मग पोचलं म्हणायचं.’’

होडी ट्रेलरवर चढवायला पाऊण तास लागला, कारण ट्रेलर उतारावर मागं मी घेत होतो. शेवटी बायकोनं मला उतरवलं आणि एका झटक्यात नेऊन ठेवला. धक्क्यावरच्या कोळणींनी तिला शाबासकी दिली. एका घरच्या बोअरिंगच्या पाण्यानं होडी आणि चाकं स्वच्छ धुतली, गाळ तरी दोन ठिकाणी राहिलाच. येताना घाट चढायचा होता, दुसरा गिअर, कधी पहिला. तलावापाशी आलो तेव्हा रात्र झाली होती, पाणी दिसत नव्हतं, फक्त त्या बाजूला डोंगरापर्यंत काळोख सपाट होता. आई मागं मुलीच्या खांद्यावर झोपली होती. मामानं गोठ्याचं दार उघडं ठेवलं होतं आणि म्हैस परत आत बांधली होती. होडी दाराशी लावून चाकांखाली विटा सरकवल्या. जात्याचा दगड भिंतीशी होता तिथंच होता.